डबा कोणाच्या उशाशी

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या नव्याकोऱ्या पॉवर स्टेशनवर नारळाचं पाणी सांडलं आणि ते नवऱ्याला सांगितलं नाही. पुढचं सगळं एवढ्यातूनच निघालं, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

पॉवर स्टेशन हे नाव मोठं आहे, वस्तू तेवढी मोठी नाही. मिक्सरच्या खोक्याएवढा, वर मूठ असलेला, सात-आठ किलोचा डबा. आत लिथियमची बॅटरी, पुढे भिंतीवर असतात तशी सॉकेट्स, दोन्ही बाजूंना हवा खेळायला जाळी. घरी चार्ज करायचा आणि जिथे वीज नाही तिथे न्यायचा. आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून डबाच म्हणतात.

तो घेतला नवऱ्याच्या झोपेसाठी. झोपेत त्याचा श्वास अडकतो. अडकतो म्हणजे थांबतोच, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मास्कचं मशीन दिलं. मास्क नाकाला लावून झोपलं की मशीन रात्रभर हवा आत ढकलत राहतं. पण त्याला वीज लागते. ज्या माणसाने उमेदीत किल्ल्यांवर आणि धरणांच्या काठी तंबू ठोकून रात्री काढल्या, तो नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगाशेजारच्या सॉकेटला दावणीला बांधल्यासारखा झाला. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर हे त्याला फारच लागायला लागलं. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना ‘तो’च बरा वाटतो.)

डब्याची निवड तीन महिने चालली. त्यासाठी वही घातली होती. मशीनला किती वॉट लागतात, आठ तासांचे किती होतात, आतल्या आत किती वाया जातात, सगळ्याचे तक्ते. हवा ओलसर करायला मशीनमध्ये पाणी गरम होतं, ते बंद ठेवलं तर पाचशे वॉट-तासांचा डबा रात्रभर पुरतो, हा शोध लागला त्या दिवशी त्याने मला भर तासाला शाळेत फोन केला. बॅटरी लोह-फॉस्फेटवालीच हवी, कारण ती सहजासहजी पेट घेत नाही. “मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती,” मी म्हणायचे. मला डबा नकोच होता. साठी उलटल्यावर थंडीत तंबूत कशाला झोपायचं, असं माझं म्हणणं, आणि माझं म्हणणं मी हळू आवाजात मांडत नाही. आल्यागेल्यासमोर मी डब्याला माझी सवत म्हणायचे. हे सांगायला हवं, कारण पुढे माझ्या तोंडाला कुलूप बसलं त्याचं निम्मं कारण हेच.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते. सासूबाई पहाटेपासून मिक्सर, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावत फिरतात. ह्या खेपेला मान नव्या डब्याचा होता. पाटावर बसवला, समोर रांगोळी काढली. सासूबाई म्हणाल्या, “गाडीपुढे वाढवतो तसा ह्याच्यापुढेही नारळ वाढव. त्याच्या जिवाची वस्तू आहे ती.” नवरा खाली पार्किंगमध्ये गाडी धूत होता. मी वरवंट्याने नारळावर घाव घातला. नारळ भलतीकडेच तडकला आणि पाण्याची चिळकांडी डब्याच्या बाजूच्या जाळीत गेली. मी घाईने डबा आडवा केला. चार-पाच थेंब बाहेर आले. आत गेलं होतं ते त्याहून बरंच जास्त.

“असू दे गं, देवाचंच पाणी,” सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “त्याला मात्र आज सांगू नको. सणासुदीचा चिडेल.”

मी सातवीला विज्ञान शिकवते. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते हे दर वर्षी बल्ब लावून दाखवते. नारळाच्या पाण्यात कोणकोणते क्षार असतात ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी पदराने जाळी पुसली, केस वाळवायच्या ड्रायरने आत गरम हवा मारली. मोबाइल भिजला तर तांदळात पुरतात. आठ किलोच्या डब्याला तांदूळ कुठून आणू? जिन्यात त्याची पावलं वाजली तेव्हा मी जाळीवर झेंडूचं फूल नीट ठेवलं आणि बाजूला झाले. उद्या सांगू, म्हटलं. पण उद्या सांगितलं की तो म्हणणार, तुला डबा नकोच होता, तू मुद्दाम केलंस. तो असं म्हणणार नाही, अशी खात्री मला माझ्याच तोंडाने उरू दिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. गॅलरीच्या दारातून भिंतीच्या कडेने बारीक रांग, सरळ डब्याच्या जाळीत. आत जाणाऱ्या दिसत होत्या, बाहेर येणाऱ्या दिसत नव्हत्या. नवरा उकिडवा बसून बघत होता. “इथे काही गोड सांडलं होतं का?”

“आईंनी प्रसाद ठेवला असेल,” मी म्हणाले. म्हातारीवर ढकलून मोकळी झाले. सासूबाईंनी पोथीतून मान वर केली नाही. संध्याकाळी मी मुंग्यांचा खडू आणून डब्याभोवती गोल रेघ ओढली आणि रांग थांबली. जाळीतून डोकावून बघायचं धाडस मला झालं नाही.

मग एकेक सुरू झालं. डब्याला काही जोडलेलं नसताना आतला पंखा आपोआप फिरायचा आणि थांबायचा. रात्री पडद्यावर शंभर टक्के दिसायचे, सकाळी एक्याण्णव. जवळ गेलं की आंबूस वास यायचा, सुट्टीभर दप्तरात विसरलेल्या डब्यासारखा. नवरा सगळं वहीत लिहून ठेवायचा. मी शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मोबाइलवर पेटलेल्या स्कूटरींचे व्हिडिओ बघायचे. सुरुवात प्रत्येकाची सारखीच, आधी नुसता पांढरा धूर. सहजासहजी पेट घेत नाही, सहजासहजी पेट घेत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. त्यातल्या ‘सहजासहजी’ला मी देवासारखी धरून बसले होते.

सुटायची एक संधी आली होती. त्याने कंपनीला फोन लावला. मी ओट्याशी भेंडी चिरत होते. स्पीकरवर एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, “सर, यूनिटमध्ये पाणी वगैरे गेलंय का?”

“अहो, पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही,” नवरा म्हणाला. त्याला त्या प्रश्नाचा रागच आला होता. “आमच्याकडे वस्तू जपून वापरतात.”

मग ती म्हणाली की नव्या यूनिटमध्ये थोडा फरक दिसतो, दोन-तीनदा पूर्ण चार्ज करा. तिची काय चूक? तिला सांगितलं तेवढ्यावर ती बोलली. मला सुरी खाली ठेवून बाहेर जायचं होतं. मी भेंड्या चिरत राहिले. त्या दिवशी भेंडी इतकी बारीक झाली की सासूबाईंनी विचारलं, ही काय कोशिंबीर केलीस का.

आता सांगणं म्हणजे त्याला त्या मुलीसमोर खोटा पाडणं होतं. खोटं असं असतं, पहिल्या दिवशी हातभर, महिन्याने घरभर.

डिसेंबरात त्याने वैतरणा धरणाच्या फुगवट्यावर एका शेतकऱ्याचं शेत ठरवलं. पाण्याच्या काठी तंबूला जागा, जेवण त्यांच्या घरचं, वीज नाही. निघायच्या आदल्या रात्री घरी रंगीत तालीम झाली. डबा त्याच्या उशाशी, स्टुलावर. मशीनची पिन भिंतीतून काढून डब्यात. मास्क लावून पाच मिनिटांत तो झोपला, लहान मुलासारखा, हात छातीवर ठेवून. मी जागी राहिले. मधून मधून त्याच्या अंगावरून हात लांबवून डब्याला लावत होते. गरम होता, पण हात ठेवता येईल इतपत. त्याला उठवावं असं दहा वेळा वाटलं. उठवलं नाही. सकाळी पडद्यावर अडतीस टक्के शिल्लक होते. “बघ,” तो म्हणाला, “उगाच घाबरत होतीस.” मी घाबरले आहे हे त्याला दिसलं होतं, कशाला, ते त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, बायकोला काळजी.

मलाही तसंच वाटत होतं. मी स्वतःला काळजी करणारी बायको समजत होते.

घोटीच्या पुढे आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार कलली होती. सकाळभर पुन्हा चार्ज केलेला डबा मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. काचेतून त्याच्यावर ऊन येत होतं, म्हणून मी माझी ओढणी त्याच्यावर टाकली. नवरा हसला. “सवतीला सावली?” किती दिवसांनी तो असा मोकळा हसत होता.

शेतकरी पन्नाशीचा, बोलका. तंबू उभा करायला त्याने हात लावला. नवऱ्याने डबा गवतावर ठेवून दिवा लावून बघितला, तेव्हा शेतकरी खुंटी ठोकता ठोकता थांबला.

“सायेब, ह्ये चरचर करतंय.”

“पंखा आहे आतला.”

“पंख्याची नाय चरचर. आमच्या मोटरीच्या पेटीत पाणी गेलं का अशी करती. आमी पयला फ्यूज काढतो, मंग बोलतो.” तो माझ्याकडे बघून हसला. “लय वंगाळ असतं बघा पाणी. दिसत नाय, पन आत बसून राहतं.”

“हे त्यातलं नाही,” नवरा म्हणाला. “ह्याला पाणी लागलेलंच नाही.”

शेतकऱ्याने खांदे उडवले आणि जेवणाचं बघायला घराकडे गेला. तो बांध ओलांडून दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. परक्या माणसाने माझं वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं, नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढंही माझ्याने झालं नाही.

ऊन उतरायला लागलं. नवरा गुडघ्यांवर रांगत आत अंथरूण घालत होता. मी तंबूच्या तोंडाशी बसून त्याला उशा देत होते. त्याने आधी डबा आपल्या उशाशी ठेवला, मशीन जोडलं, नळी लावून बघितली. मग थांबला. त्याच्या बाजूला जमीन उतरती होती, डबा कलत होता.

“तुझ्या बाजूला ठेवतो,” तो म्हणाला. “तिकडे सपाट आहे. नळी पोचते.”

त्याने डबा उचलून माझ्या उशीच्या कडेला ठेवला. मी उशी नीट करायला आत वाकले. पंख्याची हवा माझ्या गालाला लागली, तो आंबूस वास नाकात गेला, आणि कानाशी ती चरचर स्पष्ट ऐकू आली.

“ह्यात पाणी गेलंय,” मी म्हणाले. “दसऱ्याला. नारळाचं. माझ्या हातून.”

एकदा सुरू झालं ते थांबेना. मुंग्या, खडू, ड्रायर, भेंड्या, सगळं सांगितलं. सासूबाईंचं नाव मात्र घेतलं नाही, तेवढीच लाज शिल्लक होती. त्याने मशीनची पिन ओढली, डब्याचं बटण बंद केलं. चरचर चालूच राहिली. तसाच डबा उचलून तो बाहेर पडला, पाण्याच्या बाजूला उघड्या कातळापर्यंत गेला, तिथे ठेवला आणि झपझप माघारी आला. आम्ही तंबूपाशी उभे राहून बघत होतो. थोड्या वेळाने जाळीतून पांढरी रेघ वर आली. वाऱ्याने ती मोडली, मग पुन्हा आली, आधीपेक्षा जाड. शेतकऱ्याने घरातून पाहिलं असावं. तो फावडं घेऊन धावत आला आणि लांबूनच डब्यावर माती लोटायला लागला. ज्वाळा अशी उठली नाही. प्लॅस्टिक जळाल्याचा उग्र वास मात्र सगळ्या काठावर पसरला.

मला रडू फुटलं. भीतीचं होतं आणि सुटल्याचंही होतं. वाटलं, वेळेवर बोलले, वाचलो. मी त्याच्या दंडाला धरलं. त्याने हात सोडवला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

“काल रात्री डबा माझ्या उशाशी होता,” तो म्हणाला.

“हो.”

“तू जागी होतीस.”

“हो.”

“आत्ता तुझ्या उशाशी ठेवला, तर बोललीस.”

आवाज चढलेला नव्हता. तो आपल्या वहीत टिपावं तसं एकेक मांडत होता. तोवर ही गोष्ट माझ्या ध्यानातसुद्धा आली नव्हती. देवाशपथ सांगते, नव्हती. आणि त्याने म्हणताच मला कळलं की हे तसंच आहे, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. मला स्वतःची किळस आली.

“माझ्या बाजूची जमीन सपाट असती तर?” त्याने विचारलं.

दोन महिने माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. सांगितलं असतं, असं म्हणता आलं असतं. त्याने कदाचित मान्यही केलं असतं. पण आदली रात्र मला आठवत होती, त्याच्या अंगावरून लांबवलेला माझा हात आठवत होता.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. तिकडे शेतकरी अजून माती ओढतच होता. नवरा खाली बसला आणि तंबूची पहिली खुंटी हलवून सैल करायला लागला. मी दुसऱ्या बाजूच्या खुंटीला हात घातला, तेव्हा तो म्हणाला, “राहू दे, मी काढतो.”