चहा संपेपर्यंत

मी फोन भांडायला लावला होता. शुक्रवारची सकाळ, माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या लग्नाला पाच दिवस झालेले, घरात पाहुण्यांच्या गाद्या अजून तशाच पसरलेल्या आणि माझ्या डोक्यात एकच: आज यासीनभाईंना चांगलं सुनावायचं आणि गाडी परत मागायची. फोन त्यांच्या बायकोने, रेहानाभाभींनी उचलला. कशा आहात, बऱ्या आहात, काही न विचारता मी सुरूच झाले, "भाभी, भाईंना द्या फोन. आज मी काही ऐकून घेणार नाही." मग त्या म्हणाल्या, "ताई, ते नाहीत आता... काल संध्याकाळी गेले." मी म्हटलं, "अहो, असं कसं?" दोनदा, तीनदा तेच म्हटलं, खुळ्यासारखं. रविवारीच तर तळेगावच्या कार्यालयात पाहिलं होतं त्यांना, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात! पाहिलं होतं, पण मी बोलले नव्हते. सहा आठवडे होत आले, अजून ते "असं कसं" माझ्या तोंडातून जात नाही.

यासीनभाईंचं गॅरेज रहाटणीत, घराच्या पुढ्यातच, पत्र्याच्या शेडमध्ये. घराची एक खिडकी थेट शेडमध्ये उघडते. आमच्या ह्यांनी वीसेक वर्षांपूर्वी जुनी अँबेसिडर घेतली, तेव्हापासून तिला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नाही. हे गेल्यावर जो तो मला शहाणपण शिकवायचा, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये हे धूड कशाला, विकून टाका. यासीनभाई एवढंच म्हणाले, "राहू द्या ताई. मी आहे ना." त्यांची एक रीत होती. ब्रेकचं काम झालं की किल्ली फिरवून सीटवर बसायचे, ब्रेक दाबून धरायचे आणि भाभींनी खिडकीतून दिलेला चहा तसाच पाय दाबून प्यायचे. कटिंग नाही, काठोकाठ भरलेला कप, फुंकर मारत, सावकाश. कप रिकामा होईपर्यंत पेडल जागचं हललं नाही, तरच गाडी बाहेर. गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट करू दे. शेजारचे टायरवाले शिंदे ओरडायचे, "भाई, ब्रेक बगताय का साखर?" भाई हसायचे, पण पाय उचलायचे नाहीत.

आमचं पटायचं, कारण मीही तसलीच. चाकणला रबराचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासणीला होते. पास, नापास, पास, नापास. ब्रेक दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर, त्याच्या आत वाटीसारखं छोटं रबर असतं. असली रबरं किती माझ्या बोटांखालून गेली, देव जाणे. एक चीर दिसली की मी लॉट परत पाठवायची. सुपरवायझर म्हणायचे, बाई फार कडक आहे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या आधी गाडीचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसायला लागलं. यासीनभाईंनी खाली वाकून बोट फिरवलं, तेलाने ओलं झालेलं बोट मला दाखवलं. "सिलिंडर गळतोय ताई. नवाच टाकू. जुन्या मॉडेलचा आहे, शोधायला वेळ लागेल." वेळच तर नव्हता! मुक्ताने कार्यालयात बाबांच्या गाडीतून उतरायचं, हे तिने दहावीत असल्यापासून ठरवलेलं. मी म्हटलं, नवा कशाला, आतलं रबर बदला, रबर मी आणते, माझ्या हाताने पारखलेलं. त्यांनी नाक मुरडलं, पण ऐकलं. ब्रेकचे भाग धुवायला त्यांचा एक पांढरा इनॅमलचा वाडगा होता, त्यात ब्रेकच्या तेलाशिवाय दुसरा थेंब पडू द्यायचे नाहीत. त्यात एकेक भाग धुऊन, माझं रबर बसवून, ते चहाला बसले. अर्धा कप झाला आणि म्हणाले, "पेडल बसतंय."

"किती?"

"बोटभर."

"बोटभर! अहो, बोटभराने काय होतंय?"

"ताई, रबर पास आहे. सिलिंडरची आतली भिंत नापास आहे, खड्डे पडलेत. मुक्ता बसणार आहे यात. मी नाही देणार."

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवला, आणि माझाच माल परत आलेला मला सोसेना. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "आमचे हे असते ना, तर तुमची हिंमत झाली नसती." त्यांनी कप खाली ठेवला, किल्ली काढून खिशात टाकली. मी रिक्षा करून घरी आले आणि मुक्ताला सांगितलं, तुझ्या यासीनचाचांनी गाडी अडवून ठेवली.

लग्नाला ते आले. मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघून थोडे थांबले. मी विहिणींच्या घोळक्यात शिरले. जेवून जा, एवढंसुद्धा म्हटलं नाही मी. मुक्ता नंतर म्हणाली, "आई, चाचा जेवले नाहीत गं." मी म्हटलं, "नसतील." बस्स. एवढीच आमची शेवटची भेट.

त्या शुक्रवारी मी रहाटणीला पोचले तेव्हा दुपारच्या नमाजानंतरच्या दफनाची तयारी चालली होती, दारात चपलाच चपला. आत बायकांमध्ये जायला निघाले, तर शिंद्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्याच गाडीत गेले ओ भाई." मला काही कळेना. मी म्हटलं, "माझ्या?" ते म्हणाले, "नवा सिलिंडर घावला व्हता पुण्यात. तीन दिस हिंडले त्याच्यापायी. काल बसवला, चहा घेऊन बसले. मला मागचे लाल दिवे दिसत व्हते, म्हणलं टेस्ट चाललीय. दिवे काही इझनात. सांजची मगरिबची अजान झाली तरी दिवे लागलेलेच. भाई अजान चुकवत न्हाईत ओ... म्हणून गेलो बगायला."

पाय ब्रेकवरच होता. मान पुढे झुकलेली. कप डॅशबोर्डवर, निम्मा भरलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय... पहिल्या काही मिनिटांतच. मी शिंद्यांच्या टायरच्या चळतीवर बसले ती उठलेच नाही. ज्या माणसाशी भांडायला मी सकाळी फोन लावला, तो माझ्याच गाडीत, माझ्याच ब्रेकवर पाय ठेवून गेला होता. रागवायचं तरी त्याने! चार शब्द सुनावायचे मला, गाडी रस्त्यावर काढून ठेवायची. तीन दिवस कशाला हिंडायचं?

चाळिसावा झाला आणि भाभींचा निरोप आला, गाडी घेऊन जा. त्या नवऱ्यामागच्या इद्दतीत आहेत, बाहेर येत नाहीत, खिडकीतूनच बोलल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, लग्नाआधी काय बोलले तेही. वाटलं, तोंडावर खिडकी लावतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. ते म्हणाले होते, ताईंचं बरोबर आहे, पोरीची हौस राहिली. आता माहेरपणाला येईल, तेव्हा या गाडीतून येऊ दे." मग आत गेल्या. इनॅमलचा वाडगा फळीवर उपडा घातलेला होता, मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळाने खिडकीतून कप आला. त्यांचाच कप, काठोकाठ.

"चाचणी अर्धी राहिलीय, ताई."

मी सीटवर बसले. किल्ली फिरवली, ब्रेक दाबला. पेडल घट्ट होतं, पायाखाली दगड असावा तसं. चहा रडतच प्याले, सावकाश, फुंकर मारत, त्यांच्यासारखा. मागून शिंदे म्हणाले, "दिवे लागलेत, ताई." भाभी खिडकीला धरून उभ्या होत्या. कपाचा तळ दिसला. पेडल तसूभरही हललं नव्हतं.

"पास आहे, भाभी," मी म्हटलं.

"मग काढा गाडी," त्या म्हणाल्या.

काढायलाच हवी होती. कप रिकामा झाला होता, मुक्ता शनिवारी येणार होती. पण माझा पाय काही केल्या उचलेना.