मोलीचं बाळंतपण

माझ्या नवऱ्याचं नाव बाळासो. मी नाव घेत न्हाय, पण कुणाबद्दल चाललंय ते कळाया पायजे म्हणून एकदा सांगितलं. शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. हे शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. जन्म सगळा भट्टीच्या धगीपुढं गेला. बोलणं मोजकं, जेवण दाबून, हसणं सणासुदीला. रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या पोरांनी शाल-नारळ दिला आणि वर एक फिश टँक दिला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. टीव्हीच्या जागी टाकी बसली आणि टीव्ही आला माझ्या भांड्यांच्या फळीवर.

आता सरळच सांगते, मी त्या माशांवर जळते. शेजारच्या आक्काताई हसत्यात मला. म्हणत्यात, आवं, माशावर कुणी जळतंय व्हय? हसू देत. त्यांचा नवरा त्यांच्या पोरांना खांद्यावर घेऊन दसऱ्याला चौकात न्यायचा, त्यांना काय कळतंय.

आमच्यात तेव्हा रीत होती. वडीलधाऱ्यांपुढं बापानं आपलं पोर घ्यायचं न्हाय. भावाचं घ्या, शेजाऱ्याचं घ्या, आपलं न्हाय. घेतलं की बायकोच्या मुठीतला, लाज सोडलेला. आणि दोन खोल्यांत वडीलधारी कुठं नसणार? पुढच्या खोलीत दाराजवळ मामंजींची खाट, आत चुलीपाशी सासूबाई. आमची निशा झाली तेव्हा हे चौकटीत उभे राहिले, तिथनंच बघितलं आणि कामाच्या पाळीला निघून गेले. ती चालायला लागल्यावर दोन्ही हात वर करून यांच्यापुढं उभी राहायची. हे मामंजींच्या खाटेकडं बघायचे आणि पोरीला वळसा घालून बाहेर पडायचे. मी आतनं बघत असायची. पुढं सासूबाई गेल्या, मागोमाग मामंजी गेले, पण तोवर निशानं हात वर करायचं सोडून दिलं होतं.

तर असा माणूस. आणि आता त्या टाकीपुढं बसून काय म्हणतोय, तर "काय गं बाई, दमलीस?" मोलीला! काळी कुळकुळीत मोली मासळी, अंडी न घालता जिती पोरं देणारी, पोट सुटलेली, कोपऱ्यात एकटी राहायला लागलेली. मला दोन दिवस कळा आल्या, तेव्हा ह्या तोंडातनं एक शब्द निघाला न्हवता.

पहिल्या खेपेला त्यांना काहीच ठाऊक न्हवतं. त्या टाकीत सगळं खटल्याच्या घरागत एकत्र हाय. मोली, रंगीत गप्पी, दोन एंजल आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर. एका सकाळी पाण्यात बारीक काळं काहीतरी हलायला लागलं, तिळाला शेपूट फुटल्यागत. हे चहा घेत होते. काय हाय ते ध्यानात येईस्तोवर एंजलनी निम्मी गिळली. यांनी कोपरापर्यंत हात घातला, पण पाण्यात हात घालून काय वाचवणार? जी दगडाआड लपली होती ती आईनंच शोधून खाल्ली. दुपारी दोन घास खाऊन उठले. म्हणाले, "आईनंच खाल्ली गं." आवाज असा फाटला की मी वळून बघितलं. डोळ्यात पाणी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. निशाला गोवर निघालता, अंगाला हात लावू देत न्हवती पोर, तेव्हा हा माणूस डबा घेऊन कामावर गेलता. आणि आता माशापायी डोळे पुसतोय. त्या दिवशी मी चहा मुद्दाम गार करून दिला. त्यांना कळलंसुद्धा न्हाय.

त्यानंतर लागले नादाला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, मासेवाल्या दुकानदाराला जाऊन पिडायचे. मोलीचं पोट चौकोनी दिसायला लागलं, ती खायाची थांबली की दिवस भरले. फार आधी हलवली तर भेदरते आणि पोरं टाकते, उशीर केला तर पोरं टाकीतच होत्यात आणि एंजलचं फावतं. म्हणून सारखं लक्ष. मग तिला एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायची, टाकीतच, पाण्यात तरंगती. डबीच्या तळाला फटी. पोर झालं की फटीतनं खालच्या खणात पडतंय, आणि आई वरच राहत्याय, म्हणून तिला खाता येत न्हाय. सगळी झाली की आईला काढून परत टाकीत सोडायची. अंडं उकडून पिवळा बलक फडक्यातनं गाळायचा आणि काडीच्या टोकानं थोडा थोडा द्यायचा. अंडी माझी, फडकं माझं, आणि बलक काढून उरलेलं पांढरं माझ्या ताटात.

हे सगळं हा माणूस करत होता, ज्याला आपल्या लेकीला दूध कोमट लागतंय का गरम, ते आजवर ठाऊक न्हाय. ह्या खेपेला पोरं जगली. गल्लीतल्या माणसांना हात धरून आणायचे बघायला. माझी निशा झाली तेव्हा पेढे मामंजींनी वाटले होते आणि हे मागं उभे होते.

अशात निशाचा सातवा महिना लागला. इचलकरंजीला दिली हाय, पहिलं बाळंतपण, ती माहेरी आली. मी मनाशी ठरवलं. आता मामंजी न्हाईत, सासूबाई न्हाईत, खाट सुद्धा विकली. मला एकच बघायचं होतं, हा माणूस निशाचं पोर उचलून घेतोय का न्हाय. घेतलं न्हाय, तर मी त्यांना आयुष्यात माफ करणार न्हवते. डॉक्टरांची फेरी, डिंकाचे लाडू, हळीव, सगळं मी बघत होते, पण डोक्यात तेवढंच.

आणि झालं काय, तर निशा जाऊन टाकीपुढंच बसली. पोटावर हात ठेवून तास न् तास. हे तिला समजावून सांगायचे, ही आता भरत आलीय, ही अजून पंधरा दिवस काढंल. निशा विचारायची, हे उत्तर द्यायचे. उभ्या जन्मात बापलेक एवढं बोलली न्हवती. मला आनंद व्हायला पायजे होता की न्हाय? झाला न्हाय. माझ्याशी तिचं बोलणं गोळ्या घेतल्या का आणि पाय सुजलेत का एवढंच, आणि हसणं-खिदळणं सगळं तिकडं. ज्यानं वळसा घातला त्याच्याजवळ ही जाऊन बसत्याय, आणि जिनं काखेत वाढवली ती आत भाकऱ्या थापत्याय. मी भाकरी जरा जोरातच थापायची.

मग ते लुगड्याचं झालं. लुगडं कसलं, वायलची साडी. धुऊन धुऊन लोण्यागत मऊ झालेली. माझ्या अंगावरनं उतरवून, गरम पाण्यातनं काढून, मी पेटीत ठेवली होती. तान्ह्या पोराची दुपटी नव्या कापडाची करत न्हाईत आमच्यात. नवं टोचतंय. आईच्या, आजीच्या अंगावरची जुनी साडी लागते. नातवाची दुपटी करायची म्हणून मी तिच्यात कुणाला हात घालू दिला न्हवता.

मी मंडईतनं आले तर पेटी उघडी. साडीचा निम्मा भाग गेलेला. आणि हे खाली बसून तारेच्या चौकटीला सुई-दोऱ्यानं तो कपडा शिवत होते, डोळ्याला चष्मा, तोंडात दोरा. डबीत पोरांना जागा पुरंना म्हणे. टाकीतच कापडाचा पाळणा टांगायचा, म्हणजे पाणी आरपार जातंय आणि एंजलला आत येता येत न्हाय. दुकानातली जाळी आणली होती, पण तिला पोरं घासायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले. माशाला पाळणा, आणि नातवंडाला काय गोणपाट? हे खाली मान घालून शिवतच राहिले. शेवटी म्हणाले, "पोरं लई नाजूक असत्यात गं. जाळी टोचत्याय त्यास्नी."

"आणि ते तुम्हाला आत्ता कळलं व्हय?" मी म्हटलं.

निशा दारात उभी होती. मला वाटलं, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, राहू दे आई, उरलेल्यात होतील दोन दुपटी. आणि खाली बसून दोऱ्याला गाठ मारून दिली बापाला. मी भाजीची पिशवी तिथंच आपटली आणि आत गेले. टोमॅटो सगळे खोलीभर गडगडले.

पुढं दिवस भरले आणि निशाला मुलगी झाली. दवाखान्यात सिस्टरनं बाळ आणून दाखवलं. यांनी लांबनं बघितलं, "ब्येस हाय" म्हणाले आणि चहा आणायला गेले. चहा कुणी मागितला न्हवता. जावई ऋतुराज बाळ घेऊन बसलता, पाण्याची कळशी धरावी तसं. त्याला मान धरता येत न्हवती, पण धरून तर बसलता. मी आत जी काय जळत होते, ती माझी मला ठाऊक.

बाळंतीण घरी आली. मी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, निशाला आत निजवली, शेजारी बाळ. हे आले आणि चौकटीत उभे राहिले. एक पाय आत न्हाय. तीच चौकट, तोच माणूस. मी मनात म्हटलं, झालं, आता वळसा.

निशा म्हणाली, "आण्णा, घ्या की हिला."

हे म्हणाले, हाताला माशाचा वास येतोय. मोरीत गेले. साबण लावून हात धुतल्याचा आवाज आला. आले, हाताचा वास घेतला, परत गेले. मला वाटलं आता परस्पर टाकीकडं जातोय. पण आले. खाली बसले, एक हात मानेखाली सारला, दुसरा कमरेखाली, आणि पोरगी अलगद उचलून छातीशी घेतली. तिनं हूं का चूं केलं न्हाय.

मी बघतच राहिले. तान्ह्याची मान अशी धरायला शिकावं लागतंय. ह्या माणसाला कुणी शिकवलं? माशाला काय मान असत्याय?

निशानं तेच विचारलं. आण्णा, तुम्हाला कसं येतंय?

हे नातीच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "तुला घेतलतं की एकदा."

मग त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. माझे आई-आबा चैत्रात जोतिबाला गेलते. तुझी आई नळाला. तू झोळीत रडायला लागलीस. कोण बघंल म्हणून दाराला आतनं कडी घातली आणि घेतली तुला. गप झालीस. मग खाली ठेवावंसं वाटंना.

"किती वेळ घेतलतं?" निशानं विचारलं.

"ही दार वाजवायला लागली तवर."

मला आठवलं. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर आणि दार आतनं बंद. कडी वाजवून वाजवून माझा हात दुखला. भर दुपारचं झोपतंय मुडदं, म्हणून मी गल्लीला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या होत्या. दार उघडलं तेव्हा पोरगी झोळीत होती आणि हे मोरीत तोंड धूत होते. झोपेतनं उठला म्हणून तोंड धुतोय, असं मला वाटलं होतं.

निशा रडायला लागली. बाळंतिणीनं रडू नये, डोळे जात्यात, म्हणून मी तिला रागावले. मला रडू आलं न्हाय. राग आला. एवढी वर्षं त्या माणसानं हे एकट्यानं ठेवलं. मला सांगितलं असतं तर मी काय मामंजींना सांगायला जाणार होते? मीच परत दाराला कडी घातली असती, हंडा खाली ठेवला असता आणि दोघांकडं बघत बसले असते. एकदा तर बघितलं असतं. बापलेकीच्या वाट्याला ते आलं, आणि मी बाहेर पाणी घेऊन उभी.

"आणा हिकडं, अवघडली आसंल ती," म्हणून मी हात पुढं केले.

"थांब जरा," हे म्हणाले, आणि पोरीला घेऊन माझ्याकडं पाठ करून बसले.