द्राक्षाच्या ओळी आणि संगीताच्या चिंध्या

ईशा आणि निखिल,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशाने विचारलं, "आजी, एडीएचडी म्हणजे माझ्या ब्रेनमध्ये नक्की काय बिघडलंय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. त्यासाठी संगीताची केस सांगते.

मी तेव्हा आळेफाट्याच्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होते. समोर संगीता बसली होती. वय चौतीस, येडगावकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या वीस बायकांच्या टोळीची मुकादम. शेजारी तिची थोरली बहीण मंदा. टेबलावर माझा रिपोर्ट: अटेन्शन नॉर्मल, मेमरी नॉर्मल.

"मग म्याडम, हिनं त्याच ओळी दोनदा कशा डिपिंग केल्या?" मंदाने विचारलं.

डिपिंग म्हणजे मणी फुगावेत म्हणून द्राक्षाचा घड औषधात बुडवणं. एका फेरीत एकदाच. पुन्हा बुडवला तर देठ कडक होतो, मणी गळतात, एक्स्पोर्टचा माल हातचा जातो. संगीताने दोन ओळी पुन्हा बुडवून घेतल्या होत्या. बागायतदार म्हणाले होते, सोमवारपासून मुकादम दुसरी.

"ल्हानपणापासून अशीच हाय," मंदा म्हणाली. "एकदा लेकीला आणायला अंगणवाडीत गेली, आन दुसऱ्याचीच घेऊन आली."

"ती आपणहून आली, आक्का," संगीता म्हणाली. "तिनंच हात धरला व्हता."

चूक माझी होती. मी तिला तपासलं कुठे, तर बंद खोली, नवीन कोडी, समोर एकच माणूस. अशा ठिकाणी एडीएचडीचा मेंदू बरेचदा उत्तम चालतो.

कपाळामागचा मेंदूचा भाग हातातलं काम धरून ठेवतो, मोह आवरतो, वेळेचा अंदाज घेतो. हे तो एकटा करत नाही. मेंदूच्या खोल भागांशी त्याची निरोपांची ये-जा चालू असते, आणि त्यासाठी डोपामाइन नावाचं रसायन लागतं. एडीएचडीत ही ये-जा वेगळ्या रीतीने चालते. रस असेल तिथे निरोप पोचतो, एकसुरी कामात मध्येच सुटतो. बुद्धी कमी नसते. आणि एखाद्या माणसाच्या मेंदूचा स्कॅन काढून हे ठरवता येत नाही.

म्हणून शनिवारी मी बागेत गेले. संगीता कामं वाटत होती.

"शकू, तुझा खांदा दुखतोय, तू बादल्या भर. लता, तू उंच हायेस, वरचे घड तुझे. आन बोलायचं आसंल तर हात चालवत बोला."

वीस बायकांचं दुखलंखुपलं तिला तोंडपाठ होतं. मला माझ्या चार पेशंटचंही लक्षात राहत नाही.

"एवढं लक्षात राहतं, मग ओळ कशी चुकली?" मी विचारलं.

"माणसं येगळी दिसत्यात की, म्याडम. झालेली ओळ आन ऱ्हायलेली ओळ सारखीच दिसती." म्हणून ओळ संपली की ती शेवटच्या खांबाला जुन्या साडीची चिंधी बांधायची. "डोक्यात ऱ्हात न्हाई, मग खांबाला बांधते. नऊ वर्सं एक ओळ चुकली न्हाई."

"या वेळी?"

"जेवून आले, तर दोन खांबांला चिंधी न्हाई. मला वाटलं, ऱ्हायल्यात."

ऊन कडक होतं, घडांवरचं औषध वाळून गेलं होतं, बुडवलेले घड ओळखू येत नव्हते. मुकादम म्हणाली म्हणून बायकांनीही बुडवले.

बागायतदार भाऊ बांधावर उभे होते. मी विचारलं, "चिंध्या तुम्ही काढल्या?"

"एक्स्पोर्टवाले यायचे व्हते, म्याडम. रस्त्याकडच्या तेवढ्या काढल्या. बाग काय धुणं वाळत घालायला हाय?"

"भाऊ, त्या चिंध्या म्हणजे तिच्या मेंदूचं निम्मं काम होतं. ते तुम्ही जेवणाच्या सुट्टीत काढून नेलंत."

भाऊंनी रस्त्याकडच्या खांबांकडे पाहिलं. "मग सांगायचं नाय का आधी?"

"मागंच सांगितलं व्हतं," संगीता म्हणाली. "तुमी फोनवर व्हता."

बायका हसल्या. भाऊही हसले. "बांध बाई. पण एका रंगाच्या बांध, बघायला तरी बरं."

दोन ओळींचा माल एक्स्पोर्टला गेला नाही. संगीता मुकादम राहिली. एडीएचडीचं निदान मानसोपचारतज्ज्ञांनी पक्कं केलं, गोळीही त्यांनीच दिली. गोळीने फरक पडला, तरी चिंध्या तिने सोडल्या नाहीत. डोक्यात राहत नाही ते बाहेर, डोळ्यांसमोर ठेवावं, हे मी पुस्तकातून शिकले; ते तिने कुणी न सांगता बागेत उभं केलं होतं.

तेव्हा ईशा, काही बिघडलेलं नाही. वेगळं आहे, आणि त्याची सोय करावी लागते. खोलीत बसून माणसाला नॉर्मल ठरवू नये, हे मला उशिरा कळलं. त्यानंतर मी आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला: 'काम करताना पाहिलं का?' मी रिटायर झाले, फॉर्म आता कॉम्प्युटरवर गेला. तो प्रश्न अजून आहे.