मॅच चालू असताना

“ताई, सई आहे ना घरात. मग तुला कसली काळजी?”

मालूमावशी काकूला म्हणत होती. काकूची धाकटी बहीण, स्टॅनमोरहून आलेली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते; नळ चालू होता, तरी ऐकू आलं. आदल्या दिवशी काकांचे अंत्यसंस्कार झाले होते, आणि लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या घरात माझी जागा ठरूनही गेली होती. मी आणखी एक कप घेतला.

जागा ठरवणं हा खरं तर काकांचा प्रांत. विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. रविवारी संध्याकाळी त्यांच्या टीमची मॅच असे. मी पुण्याहून शिकायला आले, त्यांच्याकडेच राहिले. पहिल्याच रविवारी हीटरजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले होते, तेवढ्यात टीमने बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला. झालं, तेव्हापासून रविवारी ते स्टूल माझं... सोफा रिकामा असला तरी. मॅच चालू असताना जागा सोडायची नाही, हा काकांचा नियम. तिकडे अमेरिकेत त्यांना कळतंय होय, सईनं पाय मोकळे केले ते, असं काकू मेथी निवडता निवडता म्हणायची. पण दाराजवळच्या तिच्या खुर्चीतून तीही उठत नसे.

लांबवर फेकलेल्या पासचं काकांना कौतुक नव्हतं. त्यांना आवडायचा बॉल छातीशी घट्ट धरून पळणारा. समोर माणसांची भिंत आली की तो जरा थबकतो, फट दिसली की आत घुसतो. चार पावलं पुढे, की पुन्हा अंगावर ढीग. टीमचा सगळा भरवसा या पळण्यावरच होता. मला मात्र बघताना गुदमरल्यासारखं व्हायचं.

काका हॉस्पिटलमध्ये दाखल झाले तेव्हा सीझन संपत आला होता. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, आशेत नुसती धुगधुगी उरली होती; उरलेल्या सगळ्या मॅच जिंकायलाच हव्या होत्या. त्याच सुमारास मला दुसऱ्या शहरात, कॉव्हेंट्रीत, नोकरी मिळाली. हे फक्त काकांना ठाऊक होतं. मी शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी आधी स्कोअर विचारला आणि मग, काकूला सांगितलंस का, ते. मी नकारार्थी मान हलवली.

“वाट बघावी,” ते दम खात म्हणाले. “पण फट दिसूनही जो उभाच राहतो ना, त्याला खेळाडू नाही म्हणत... खांब म्हणतात.” आणि स्वतःच हसले.

जानेवारीतल्या शेवटच्या मॅचला काकूनेच टीव्ही लावला. जिंकले तर प्लेऑफ. काकांची खुर्ची रिकामी होती; काकू आपल्या खुर्चीत, मी स्टुलावर. ती बोलत होती... उन्हाळ्यात माझ्या खोलीला नवे पडदे करू, मालू म्हणते निळे छान दिसतील. मी हं म्हणत होते. पुढच्या सोमवारी मला कॉव्हेंट्रीत कामावर हजर व्हायचं होतं.

शेवटची काही मिनिटं. टीम थोडक्यात मागे होती, बॉल पळणाऱ्याच्या हातात, रेषा अगदी जवळ. काकूने डोळे मिटून हात जोडले होते. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मी उठून उभी राहिले. स्टूल हीटरवर आपटलं, तशी तिने डोळे उघडले.

“अगं, बस. मॅच चालू आहे.”

“काकू,” मी म्हणाले, “मला कॉव्हेंट्रीत नोकरी मिळाली आहे. मी जाणार आहे.”