अक्काची बोणी

नमस्कार मंडळी. इथले गूढ अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून, हे कबूल करून टाकते. वाचायचे, हसायचं, अन् खाली एखादी खवचट कमेंट टाकायची... ‘ताई, झोप पूर्ण होते का?’ वगैरे. ज्यांना ज्यांना मी असं लिहिलं त्यांची आज हात जोडून माफी मागते. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

मी वैशाली. मूळची नागपूरची, सात वर्षांपासून बंगळुरूत. नवरा निखिल मारतहळ्ळीला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. मीही तिकडेच एका कंपनीत होते, पण गेल्या वर्षी कंपनीने आमची अख्खी टीम एका मीटिंगमध्ये घरी पाठवली. तीन महिने मी भिंतीकडे बघत बसले. मग ठरवलं, आता दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, स्वतःचं काहीतरी करायचं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे एक वेबसाईट. लोकांनी यायचं, एक छोटं चित्रांचं कोडं सोडवायचं, बटण दाबायचं, की त्यांच्या खात्यात क्रिप्टोचा एक कण जमा. कण म्हणजे अगदीच कण बरं का, महिनाभर जमवला तरी कोथिंबिरीची जुडी यायची नाही. पानावर जाहिराती असतात, त्यांचे पैसे मला मिळतात, त्यातला वाटा मी लोकांना देते. एकदा बटण दाबलं की पुढचा तासभर परत दाबता येत नाही.

निखिल म्हणाला, “लोकांना वाटायला निघालीस. आपल्याला कोण वाटणार?”

“तू गप बस,” मी म्हटलं. झालं, प्रोजेक्ट मंजूर.

आम्ही के. आर. पुरमला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण, अक्का. वय पंचाहत्तरच्या पुढे, एकट्याच. मुलगा परदेशात. अक्का मराठी, पण त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे... अय्यो! अर्धं कन्नड, अर्धं कुठल्या काळातलं देव जाणे. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “स्वल्प बस गे, चिन्ना, कॉफी घेऊन जा.” चिन्ना म्हणजे सोनं. सासरी-माहेरी मला आजवर कुणी सोनं म्हटलेलं नाही, मी तिथेच विरघळले.

साईट सुरू करायच्या दिवशी मी आपली लॅपटॉप उघडून बसले, तर अक्का हळदीकुंकवाचं तबक अन् नारळ घेऊन जिना चढून वर. माझ्या लॅपटॉपला कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला अन् विचारलं, “बोणी कोण करणार गे?”

बोणी म्हणजे दुकानातली दिवसाची पहिली विक्री, आपली भवानी. मी म्हटलं, “अक्का, हे काय दुकान थोडंच आहे?”

“दारात माणसं येणार, काही घेऊन जाणार. मग दुकान नव्हे तर काय? पहिला हात चांगला पाहिजे. माझा हातगुण चांगला आहे, सगळं मार्केट सांगतं.”

त्यांच्याकडे मुलाने पाठवलेला एक टॅब होता, अन् खाली-वर मिळून वायफाय एकच. मी त्यावर त्यांचं खातं काढून दिलं. त्या दिवसापासून नियमच झाला. सकाळी साडेनऊला अक्का आंघोळ-पूजा करून बसायच्या, बटण दाबायच्या, अन् जिन्याखालून ओरडायच्या, “वैशाली, बोणी झाली गे!” मग मी वरून म्हणायचं, “सरी अक्का!” सरी म्हणजे बरं. तोवर साईट बाकीच्यांसाठी उघडायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. मी बाहेर असले तर बोणी झाल्याचा मेसेज साईटवरून माझ्या फोनवर यायचा, अन् बोणी नाही झाली तरी दहाला साईट आपोआप उघडायची. इंजिनिअर बाई अन् बोणीसाठी थांबते... पण त्यांचा तो आनंद मोडवायचा नाही मला.

आता ते कोडं सांगते, पुढे ते लागणार आहे. बाजारातलं तयार कोडं न घेता मी स्वतःच बनवलं होतं. के. आर. पुरम स्टेशनाबाहेर उभी राहून फोटो काढले: रिक्षा, बस, टेम्पो, शहाळ्याची गाडी. ‘यातल्या बस निवडा’ असं विचारायचं. अन् अक्का रोज, न चुकता, आधी टेम्पो निवडायच्या. लाल अक्षरात चूक दाखवायचं, मग बरोबर निवडायच्या.

मी एकदा म्हटलं, “अक्का, तो टेम्पो आहे हो. बस नाही.”

“टेम्पोत माणसं बसत नाहीत काय? माझं लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतनं आलं. मग ती बसच.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. उद्या परत टेम्पो.

साईट चालायला लागली, तशी डोकेदुखीही आली. फुकट ते पौष्टिक! खरी माणसं थोडी अन् बॉट फार. बॉट म्हणजे आपोआप बटण दाबणारे प्रोग्रॅम. जाहिरात कंपनीला असे खोटे क्लिक दिसले की ती खातं कायमचं बंद करते. साठवलेलं सगळं मी यात घातलं होतं. त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून बॉट मारायची. एका खात्याचे लागोपाठ क्लिक दिसले की विचारपूस नाही, थेट ब्लॉक.

त्या दिवशी मी सकाळी आठलाच निघाले होते. देवनहळ्ळीला एक बिल्डर भेटणार होते. तिकडे शेतांचे लेआउट पडताहेत, त्यातल्या प्लॉटची जाहिरात ते थेट माझ्या साईटवर देणार होते. माझं पहिलं स्वतःचं गिऱ्हाईक! निघताना अक्कांचं दार बंद होतं. साडेनऊला बोणीचा मेसेज फोनवर आला नाही, पण माझं डोकं मीटिंगमध्ये. दहाला साईट आपोआप उघडली, मी दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

सव्वाअकराच्या सुमारास मी बिल्डरसाहेबांना मोठ्या ऐटीत फोनवर साईटचा डॅशबोर्ड दाखवत होते. “देखिए सर, लाइव्ह लोग आ रहे हैं...” अन् त्यांच्यासमोर एकच खातं वर चढायला लागलं. एकच नाव, परत परत, दर मिनिटाला एक. नाव अक्कांचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तासाचं बंधन मी स्वतः लिहिलेलं, ते मोडणं शक्यच नव्हतं. म्हणजे कुणीतरी अक्कांचं खातं चोरून त्यावर बॉट सोडला होता. साहेब बघताहेत, जाहिरात कंपनी बघतेय... मी चेहरा हसरा ठेवून अक्कांचं खातं ब्लॉक केलं. माझ्या ह्या बोटाने.

अन् पुढच्या मिनिटाला तेच खातं परत आलं.

ब्लॉक केलेलं खातं पानच उघडू शकत नाही, मंडळी. मी परत ब्लॉक केलं. परत आलं. साहेब काहीतरी विचारत होते, मला ऐकू येईना. कुठून घुसतोय बघावं म्हणून मी एका क्लिकचा तपशील उघडला. आधी टेम्पो, चूक. मग बस, बरोबर. दुसरा उघडला. आधी टेम्पो, चूक. मग बरोबर. तिसरा, चौथा... सगळे तसेच.

बॉट चुकला तर कशातही चुकतो. दर वेळी टेम्पोलाच बस म्हणणारं माणूस जगात एकच आहे!

मी उभीच राहिले. अक्कांना फोन लावला. त्यांचा साधा बटणांचा फोन, रिंग पूर्ण वाजून थांबली. परत लावला, परत तेच. मग आमच्या गेटसमोर इस्त्रीची गाडी लावतात त्या मुनियप्पांना लावला.

“अक्का दिसल्या का?”

“नहीं मॅडम. सुबह से बाहर नहीं आया. दूध का पॅकेट गेट पे ही है.”

बाप्पा! अक्का दूध कधी बाहेर राहू द्यायच्या नाहीत.

“दरवाजा तोडो!”

“अय्यो मॅडम, अक्का गाली देगा!”

“देऊ द्या! तोडा तुम्ही!” मी मराठीतच ओरडले. त्यांना कळलं.

बिल्डरसाहेब हे सगळं ऐकत होते. मी ‘सॉरी सर’ म्हणायच्या आतच ते म्हणाले, “मॅडम, बिझनेस बाद में. मेरी गाडी ले जाइए.” त्यांच्या ड्रायव्हरने मला ज्या वेगाने आणलं त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात रोज दुवा देते.

इकडे मुनियप्पा अन् कोपऱ्यावर शहाळी उतरवत असलेला एक टेम्पोवाला, दोघांनी मागचं दार ढकलून उघडलं. अक्का न्हाणीघराच्या दारात पडलेल्या. शुद्ध होती-नव्हती अशी, तोंड वाकडं झालेलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती पुलापलीकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. टेम्पोवाल्याने उरलेली शहाळी भराभर रस्त्यावर ओतली, मागे गोणपाट अंथरलं, त्यावर मुनियप्पांनी इस्त्रीच्या चादरी घातल्या, अन् अक्कांना त्यात झोपवून हॉस्पिटलला नेलं. मी पोहोचले तेव्हा त्या आत होत्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ आहे, पण वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

मी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले. मुनियप्पा शेजारी बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, एक बात बोलूं? हम अंदर गया तब अक्का का उंगली चल रहा था.” अन् त्यांनी स्वतःच्या तर्जनीने बाकावर करून दाखवलं. टक्... टक्... फरशीवर बोट टेकवायचं, उचलायचं, परत टेकवायचं.

मी म्हटलं, “टॅबवर?”

“टॅब कहां मॅडम? टॅब तो कल गिरके टूटा. मैंने ही शाम को रिपेअर में दिया.”

संध्याकाळी निखिल अन् मी त्या दुकानात गेलो. अक्कांचा टॅब तिथे टेबलावर होता. पाठ उघडी, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. दुकानदार म्हणाला, कालच उघडलाय, पार्ट यायचाय. दुसऱ्या कुठल्या फोनवर अक्कांचं खातं उघडलेलं नव्हतं, अन् पासवर्ड तर त्यांना स्वतःलाच माहीत नव्हता, तो मीच टॅबमध्ये भरून दिला होता.

निखिल माझ्याहून मोठा नास्तिक. दोन दिवस तो सर्व्हरच्या नोंदी चाळत बसला. त्याच्या हाती आलं ते एवढंच. सगळे क्लिक आमच्या घरच्या वायफायवरून आलेले. एकूण सतरा. सतराच्या सतरा वेळा आधी टेम्पो. अन् शेवटचा क्लिक मुनियप्पांनी मागचं दार उघडलं त्याच मिनिटाचा, त्यांच्या-माझ्या फोनच्या वेळांवरून आम्ही ताडून पाहिलं. त्यानंतर एकही नाही. शेवटी त्याने लॅपटॉप मिटला अन् म्हणाला, “वैशू, मला नाही माहीत.” लग्नाला नऊ वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

अक्कांना बोलता यायला महिना लागला. डावा हात अजून अशक्त आहे, पण जीभ पूर्ववत... मुनियप्पांना दार मोडल्याबद्दल शिव्या घालून झाल्या! एक दिवस मी त्यांना पेज भरवताना हळूच विचारलं, पडल्यावर काही आठवतं का म्हणून.

“आठवतं की. अंग हलेना. ओरडायला येईना. वाटलं, ह्या पोरीची बोणी राहिली. आज ती मोठ्या कामाला गेली आणि बोणी नाही. जीव नुसता तळमळत होता गे. मग दाबत होते की मी बटण. किती वेळा दाबलं! होईचना.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “परत टेम्पो लागला काय?”

मी वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, “लागला, अक्का.” त्या मरणाच्या दारात पडून माझ्या बोणीची काळजी करत होत्या, अन् मी त्यांना ब्लॉक करत होते. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं धाडस नाही माझ्यात.

साईट अजून चालू आहे. फार कमवत नाही. बिल्डरसाहेबांनी जाहिरात दिली, ती आहे. इथे हुशार मंडळी पुष्कळ आहेत, कुणाला ह्या सतरा क्लिकचा उलगडा झाला तर जरूर लिहा, मी खवचट उत्तर देणार नाही. मला स्वतःला काही सुचत नाही, अन् खरं सांगू, आता मी शोधतही नाही. जे काही होतं त्याने माझी अक्का मला परत दिली. मुनियप्पांचे, त्या टेम्पोवाल्याचे, त्या ड्रायव्हरचे आभार मला मानता येतात. ह्याबद्दल कुणाचे मानू?

एक काम मात्र मी केलं. अक्का घरी आल्या, टॅब दुरुस्त होऊन आला, त्याच रात्री मी त्यांच्या खात्यावरचा ब्लॉक काढला अन् बसून कोड्याचं उत्तर बदललं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला खाली शांतता. मी जिन्यात कान लावून उभी. मग अक्कांचा आवाज आला, जरा जड, पण खणखणीत.

“वैशाली, बोणी झाली गे! आज एका फटक्यात झाली!”

“सरी अक्का!” मी वरून म्हटलं, अन् तिथेच पायरीवर बसून घेतलं.

आता माझ्या साईटवर टेम्पो ही बस आहे. त्यात माणसं बसतात.