चादरीतून आलेली पुस्तकं

पहाटे साडेचारला घडीबाईचा दिवस सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. गजराने नवरा जागा झाला असता, आणि जागा झाला की त्याला लगेच उठून बसायचं असे. त्याला उठवणं हे एक वेगळं काम होतं. आयुष्यभर बस चालवून त्याची कंबर कामातून गेली होती. जमिनीवरून उठताना तो आधी कुशीवर वळायचा, मग खिडकीचा गज धरायचा, मग अर्ध्यातच थांबून कंबरेला चार शब्द सुनावायचा. घरात पलंग नव्हता. चादरी मात्र ढीगभर होत्या. लॉन्ड्रीत बाद ठरलेल्या, हॉटेलच्या रुंद पलंगांच्या, जमिनीवर दुहेरी करून अंथरलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका.

"लोक आधी पलंग घेतात, मग चादर शोधतात," नवरा म्हणायचा. "आपला कारभारच उलटा."

"आधी कुशीवर वळा, मग बोला," घडीबाई म्हणायची.

लॉन्ड्री दोन गल्ल्या पलीकडे, टायरच्या दुकानाच्या मागे होती. बाहेर पाटी नव्हती. धुराड्यातून वाफ निघाली की कामगारांना कळायचं, बॉयलर पेटला. इस्पितळाच्या चादरींना हिरवा दोरा, वसतिगृहाच्या निळा आणि हॉटेलच्या लाल. धुवायची यंत्रं एका बाजूला, मध्ये ओल्या चादरींना इस्त्री करणारा लांबलचक तापलेला रोलर, आणि रोलरच्या तोंडाशी घड्या घालायची टेबलं. लग्न झालं त्या वर्षी ती पहिल्या टेबलाशी उभी राहिली ती राहिलीच. कोपऱ्याला कोपरा लागला नाही तर चादर झटकून ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शेजारणीची असली तरी. त्यामुळे तिचं नाव घडीबाई पडलं, आणि तिच्या शेजारचं टेबल घ्यायला कुणी सहसा राजी नसे.

हॉटेलच्या मळक्या गाठोड्यांतून काय काय यायचं. चष्मे, एकेकटे मोजे, एकदा तर दातांची कवळी. सापडलेली वस्तू हॉटेलला कळवायची, कुणी मागायला आलं नाही तर जिला सापडली तिची, असा तिथला रिवाज होता. चष्म्यांना मालक भेटायचे. पुस्तकांना कधीच नाही. धंद्यानिमित्त फिरणारी माणसं रात्री उशाशी पुस्तक घेऊन पडत आणि सकाळी ते चादरीतच विसरून जात. ती सगळी पुस्तकं एकाच जातीची. माल कसा खपवावा, गिऱ्हाईक कसं टिकवावं, हाताखालच्या माणसांना कसं वागवावं.

बाकीच्या बायका ती टेबलाच्या पायाखाली सारून टेबलाचा डुगडुगाट घालवायच्या. घडीबाईने एक वाचायला घेतलं. चहाच्या सुट्टीत, वाळवणी यंत्राच्या उबेला पाठ लावून. तिचं शिक्षण बेताचं. एक पान झालं की ती पुन्हा वर जायची, कारण पहिल्या वाचनात तिला फक्त शब्द लागायचे. दुसऱ्या वेळी अर्थ लागायचा. मग दिवसभर चादरींबरोबर तो अर्थ डोक्यात उलटापालटा करायची. नुसतं वाचून मान डोलावणं तिला जमत नव्हतं. पुस्तकात आहे ते खरं का खोटं, हे हाताने केल्याशिवाय तिला पटायचं नाही.

"काय म्हणतात तुझे पाहुणे आज?" नवरा घरी विचारायचा.

"म्हणतात, गिऱ्हाइकाला माल नको असतो. त्याची अडचण सुटायला हवी असते."

"माझी अडचण कंबर आहे. त्यांना विचार, काही आहे का."

"तुम्ही गिऱ्हाईक कुठे आहात? फुकटे आहात."

तो हसायचा, पण दिवा तिच्या बाजूला सरकवून द्यायचा.

असं चाललेलं असताना लॉन्ड्रीवर संकट आलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी मोठी लॉन्ड्री उघडली. तिथे चादरी घडी होऊन चकचकीत प्लॅस्टिकात बंद होऊनच बाहेर पडत. इथला सुपरवायझर जास्त पगारावर तिकडे गेला आणि जाताना हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या कानात नव्या यंत्रांची महती घालून गेला. हॉटेलने लॉन्ड्रीच्या मालकांना कळवलं की महिनाअखेरपर्यंत बघू, मग ठरवू. निम्मं काम हॉटेलचं. ते गेलं असतं तर रोलर अर्धा दिवस बंद आणि निम्मी टेबलं भिंतीला.

मालक वयस्कर, सरळ माणूस. त्यांनी घडीबाईला बोलावलं. "बाई, सुपरवायझरचं काम तुम्ही बघा. बाहेरून माणूस आणायची आत्ता माझी ताकद नाही."

"मला बोलणं नीट जमत नाही, साहेब."

"तो फार बोलायचा. त्याच्या बोलण्याने काय झालं ते बघतोच आहोत."

तिने होकार दिला. घरी जाऊन सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली. नेतृत्वाचं म्हणून एकच होतं, आणि ते गाठोड्यातून न काढल्यामुळे यंत्रातून धुऊन निघालेलं. सुरुवातीची पानं शाबूत, पुढचा लगदा. जेवढं वाचता आलं त्यात लिहिलं होतं की खोलीत बसून राज्य करू नये. रोज प्रत्येकाच्या कामाच्या जागी जावं, तिथे थांबावं, त्याचं काम लक्ष देऊन पाहावं. माणसाला वाटलं पाहिजे की आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे.

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुपरवायझरच्या काचेच्या केबिनमधून बाहेर आली आणि पहिल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या बाईने तिच्याकडे पाहिलं, हातातली घडी खाली ठेवली आणि समोरचा तयार गठ्ठा उलगडायला घेतला. घडीबाईला वाटलं, हिचं काहीतरी चुकलं असेल. ती दुसऱ्या टेबलाशी गेली. तिथेही तेच. ती पुढे सरकत गेली आणि तिच्या मागे गठ्ठे सुटत गेले. रोलरशी पोचली तेव्हा रोलरवाल्याने एक शिवी गिळली, रोलर थांबवला आणि निघालेल्या चादरी पुन्हा ओल्या करायला पाठवल्या.

हॉटेलची गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवत उभी राहिली तेव्हा पाठवण्यासारखा निम्मा मालही नव्हता. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो रिकामाच गेला. दुपारी हॉटेलात पाहुणे सामान घेऊन उभे आणि पलंग उघडे. मालकांनी फोनवर जे ऐकून घेतलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

रोलरवाला तिथला सगळ्यांत जुना, तोंडाने तिखट माणूस. "ताई," तो म्हणाला, "गाडी वेळेवर सोडायचं प्रकरण नव्हतं का तुमच्या पुस्तकात?"

"दादा, तुम्ही सगळ्यांनी गठ्ठे का सोडले, तेवढं सांगा."

"का म्हणजे? तुम्ही येऊन उभ्या राहिलात."

"बघायला उभी राहिले."

"इतकी वर्षं इथे कोण बघायला उभं राहिलंय? आधीचा सुपरवायझर केबिनमधून बाहेर यायचा तो खोट सापडली तरच. उभा राहिला की समजायचं, माल परत. तोंडसुद्धा उघडावं लागायचं नाही त्याला."

हे तिला माहीत असायला हवं होतं. पण तिच्या टेबलाशी तो कधी उभाच राहिला नव्हता. तिची घडी परत करण्यासारखी नसायची. इतरांना रोज भरणारी धडकी तिला एकदाही भरली नव्हती, आणि त्याचा तिला आजवर अभिमानच होता. त्या संध्याकाळी तो थोडा उतरला.

पुढची पानं लगदा झालेली. पुढचं तिचं तिलाच शोधायचं होतं.

राहिलेला माल घेऊन ती स्वतःच भाड्याच्या गाडीत बसली आणि हॉटेलच्या मागच्या दाराला गेली. खोल्या आवरणाऱ्या बायकांची मुकादम दारातच उभी होती. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळाला आठ्या.

"आता आणलात? पाहुण्यांना काय वर्तमानपत्रावर झोपवू?"

"चूक माझी आहे," घडीबाई म्हणाली. यंत्र बिघडलं, माणसं आली नाहीत, असं काही सांगितलं नाही. मुकादम भांडणाच्या तयारीत होती, तिची तयारी वाया गेली.

"मग? आता काय?"

"एक खोली आवरताना मला बघू द्या. मध्ये बोलणार नाही."

"चादर घालताना कधी बघितली नाहीत?"

"धुताना बघितली. घडी घालताना बघितली. पलंगावर कशी जाते ते नाही बघितलं. आमच्याकडे पलंग नाही."

मुकादमने तिला वर नेलं. घडीबाई भिंतीला टेकून उभी राहिली. आवरणाऱ्या मुलीने पलंग उघडा केला आणि ती मजल्याच्या टोकाच्या कपाटाकडे पळाली. घडीबाई मागोमाग गेली. कपाटात सगळ्या चादरी एकावर एक, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. एकेरी पलंगाची कुठली आणि दुहेरीची कुठली हे घडी उलगडल्याशिवाय कळायचं नाही. तिने एक उलगडली, ती निघाली लहान, तशीच चुरगाळून परत कोंबली. मग उशीच्या खोळींसाठी एक खेप, टॉवेलसाठी आणखी एक. घडीबाईने जीव ओतून घातलेल्या घड्यांचा कपाटात चोळामोळा झाला होता. एक घडी सारखी करायला तिचा हात पुढे झाला, पण कबूल केल्याप्रमाणे तिने तो मागे घेतला.

जाताना एवढंच म्हणाली, "उद्यापासून एका मजल्याचा माल मी वेगळा बांधून पाठवते. नको वाटलं तर सांगा."

लॉन्ड्रीत परतल्यावर तिने सगळ्यांना रोलरपाशी बोलावलं आणि सांगितलं. एका खोलीचं सगळं एका गठ्ठ्यात बांधायचं. आधी लागणारी चादर सगळ्यांत वर, मग पांघरायची, मग खोळी, तळाला टॉवेल. मुलीने एकच गठ्ठा उचलायचा आणि थेट खोलीत जायचं.

"म्हणजे घड्या घालून झाल्या की आता गाठोडी पण आम्हीच बांधायची," रोलरवाला म्हणाला. "पलंग पण घालून येऊ का?"

"मी बांधते. तुम्ही रोलर चालवा."

तिने केबिनमधली उंच खुर्ची बाहेर काढली आणि फाटक्या चादरी शिवणाऱ्या म्हातारीला दिली. बसायला जागाच न उरल्याने केबिनमध्ये जायचं कारण उरलं नाही. मग रोज ती एकेका टेबलाशी जाऊन उभी राहायची, पण चादरीचं दुसरं टोक हातात धरून. शेजारणीबरोबर चांगला घटकाभर घड्या घालायची आणि पुढे सरकायची. सुरुवातीला तिची सावली टेबलावर पडली की हात थांबायचे. "थांबू नका, धरा," ती म्हणायची. दोन माणसांनी चादर धरली की कामाचा ताल धरावाच लागतो, भीत बसायला सवड मिळत नाही. कुणाची घडी वाकडी गेली तर जुन्या सवयीने तिचे हात शिवशिवायचे. ती ते आवरायची. प्रत्येक वेळी जमायचं असं नाही. एकदा तिने झटक्यात एकीची चादर ओढून घेतली, मग थांबली, आणि परत तिच्या हातात दिली. बोटांची इतक्या वर्षांची सवय मोडणं हे पुस्तक वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होतं, आणि ते तिने पार पाडलं.

आठवड्याभरात रोलरवाला गठ्ठ्यांपाशी घुटमळायला लागला. एक दिवस त्याने एक गठ्ठा उचलला आणि फिरवून बघितला.

"लाल दोऱ्याचा कोपरा घडीच्या आत का घालता? बाहेर काढा की. एकेरीला कोपऱ्यात एक टाका, दुहेरीला दोन. लांबून दिसेल."

घडीबाईने तो गठ्ठा सोडला आणि कोपरा बाहेर काढून पुन्हा बांधला. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवसापासून म्हातारी खुर्चीत बसून दुसरा टाका घालू लागली.

महिना संपायच्या आत हॉटेलचा व्यवस्थापक मुकादमला घेऊन लॉन्ड्रीत आला. मालक त्यांना आतून फिरवत होते. गठ्ठ्यांपाशी व्यवस्थापक थांबला. "हे टाके बाहेरून घालायचं छान सुचलं तुम्हाला, बाई."

"मला नाही," घडीबाई म्हणाली. "यांना सुचलं." आणि तिने सरळ बोट दाखवलं.

रोलरवाल्याला काय करावं ते कळेना. त्याने सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि ठीकठाक चालणाऱ्या रोलरवर उगाच खेकसला.

"नवीन लॉन्ड्रीवाले प्लॅस्टिकात बांधून देतात," व्यवस्थापक मुकादमकडे वळून म्हणाला. "दिसायला झकास. तुमचं काय म्हणणं?"

मुकादमने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "प्लॅस्टिक फाडायला एक बाई वाढवून द्या आणि पाठवा तिकडे. माझ्या मुली सध्या जेवणाच्या वेळेला जेवतात. इतकी वर्षं जेवत नव्हत्या."

हॉटेल राहिलं. एकही टेबल भिंतीला लागलं नाही. मालकांनी तिला सुपरवायझरचा पूर्ण पगार लावला. तिने तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला उठली. पुस्तकं येतच राहिली. आता बायका ती टेबलाखाली सारत नसत, तिच्याकडे आणून देत. "बघा ताई, ह्यात काही आहे का आपल्या कामाचं." बहुतेकांत नसायचं. जे असायचं ते ती करून बघायची, आणि फसलं तर तसं सांगायची. सुपरवायझर टेबलाशी येऊन उभा राहिला की कधी काळी गठ्ठे सोडत असत, हे नव्याने आलेल्या मुलींना तर माहीतही नव्हतं.

पलंग यायला आणखी बराच काळ गेला. लाकडी, भक्कम, गुडघ्याच्या उंचीचा, वर जाड गादी. हमालांनी तो दारातून आडवा-तिडवा करून आत घेतला आणि खोली निम्मी भरली. चादर तिने दुकानातून विकत आणली, नवीकोरी. अंथरताना सवयीने तिचं बोट कोपऱ्यावर फिरलं. तिथे कुठल्याच रंगाचा दोरा नव्हता.

नवरा काठावर टेकला. मग उठला. गज न धरता उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"उठबस पुरे," घडीबाई म्हणाली. "तुम्ही बसताय तिथे सुरकुती पडतेय."