दसऱ्याला बंद झालेलं मशीन

नव्वदच्या दशकात नवीन पनवेलमधल्या एका फ्लॅटमध्ये आमची छोटीशी कंपनी होती. आम्ही डीबगर बनवत होतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांतल्या चुका शोधून देणारा प्रोग्राम. ब्रेकपॉइंट लावला की प्रोग्राम त्या ओळीवर थांबायचा, आणि आमच्या डीबगरमध्ये तिथून एकेक पाऊल मागेही जाता यायचं. ही उलटी चाल उरणकडच्या एका सहकाऱ्याने लिहिली होती. मिठागरवाल्यांच्या घरातला, भलता चिवट गडी. ती तपासायचं काम माझं.

मागे जाताना क्वचित कधीतरी आकडे चुकायचे. का, ते कळेना. साहेबांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत चूक सापडली नाही, तर उलटी चाल काढून टाकायची." म्हणजे त्याची सगळी मेहनत पाण्यात, आणि नोकरीही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती चूक माझ्या मशीनवर पकडली गेली! मागची सगळी पावलं मेमरीत शाबूत होती. मशीन बंद केलं की संपलं. त्याच्या शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. "ताई, याला आता हात नाय लावायचा," तो म्हणाला. "उद्या सुट्टी हाय, पण आमी सकाळीच येतो." 'बंद करू नये' अशी चिठ्ठी मी मॉनिटरवर चिकटवली.

सकाळी आम्ही पोचायच्या आत साहेबांच्या आई पूजा करून मोकळ्या! दसऱ्याला अवजारांना विसावा द्यायचा, म्हणून त्यांनी सगळी मशीनं स्वतः बंद केली होती. माझ्या चिठ्ठीवर झेंडूचा हार. माझं टाळकंच सटकलं. तोंड उघडणार, तोच त्याने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि काकूंच्या पाया पडला. "छान झाली पूजा," म्हणाला.

एरवी नको तेव्हा टपकायची मेली, पण दिवाळीपर्यंत ती चूक पुन्हा आलीच नाही. मुदत वाढवा म्हटलं, तर साहेब म्हणाले, गिऱ्हाईक थांबत नाही. आईला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलटी चाल काढली आणि त्याची नोकरीही गेली. एवढं सुंदर काम कुणाला दिसलंसुद्धा नाही, याची अजून हळहळ वाटते.

पुढच्या दसऱ्याला काकूंनी विचारलं, "तो उरणचा मुलगा दिसत नाही गं?"

"चांगली नोकरी लागली त्याला, काकू."

"बघ!" त्यांचा चेहरा उजळला. "मनापासून पाया पडला होता. फळली त्याला पूजा."